निरोप्याचा संप

३ मार्च, सोमवार

भिंगरीच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी वही घालायला सांगितली, म्हणून ही वही. त्यांचा गृहपाठ असा: घरात कोण कोणाशी काय बोललं ते रोज लिहायचं. आपलं मत कमी, बोलणं जास्त. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर आहे, तेव्हा निरीक्षण नोंदवणं जमायला हरकत नाही. मत कमी ठेवणं किती जमेल ते बघू.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी, तेरा वर्षांची, आठवीत. तिचं पोट रोज सकाळी दुखतं. शाळा असली तरी दुखतं आणि सुटी असली तरी दुखतं, म्हणजे हा बहाणा नाही. तीन डॉक्टर झाले, दोनदा सोनोग्राफी झाली. पोटात काही नाही. शाळेचे पुष्कळ दिवस बुडालेत. आणखी दहा बुडाले तर परीक्षेला बसू देणार नाहीत आणि वर्ष जाईल.

बाई म्हणाल्या, "दुखतंय ते खरंच दुखतंय. पण ते तिच्या एकटीचं आहे असं समजू नका. पाळण्यावर चिमण्यांचं खेळणं टांगतात ना? एक चिमणी ओढली की सगळ्या हलतात. सगळ्यात हलकी असते ती सगळ्यात जास्त हेलकावते."

मी विचारलं, "मग ओढतंय कोण?"

"ते तुम्ही लिहून आणा."

४ मार्च, मंगळवार

आमचं चष्म्याचं दुकान. पुढे काउंटरवर दादा, माझा मोठा भाऊ. तो डोळे तपासतो, फ्रेमा दाखवतो, गिऱ्हाइकाला हसवतो. मागच्या खोलीत बाबा. ते काचा घासतात आणि फ्रेममध्ये बसवतात. मध्ये भिंत, भिंतीला वीतभर खिडकी, आणि खिडकीशी माझं टेबल. दुकानाच्या वर दादा-वहिनी राहतात. त्यांच्यावर आम्ही तिघं आणि बाबा.

अकरा वर्षांपूर्वी दादाने काउंटर हाती घेतलं आणि लगेच काचा कापायचं यंत्र आणायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "यंत्र आण, आणि मला घरी बसव." दादा म्हणाला, "बसा की." त्या दिवसापासून बाप-लेकांत एक शब्द नाही. यंत्रही आलं नाही. मी मात्र आलो, खिडकीशी.

आज मोजलं. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत माझ्यातून बेचाळीस निरोप गेले. वानगीदाखल दोन.

बाबा: "त्या शहाण्याला सांग, फ्रेम बघून विकत जा. ही काडी काय त्याच्या सासऱ्याने वाकवली?"
मी (दादाला): "बाबा म्हणतात, काडी जराशी वाकलीय."
दादा: "म्हाताऱ्याला सांग, दिसत नसेल तर चष्मा लाव. दुकान आपलंच आहे."
मी (बाबांना): "दादा बघतो म्हणाला."

हे सगळं दहा फुटांच्या आत. दोघांनाही एकमेकांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. तरी दोघंही माझ्या उत्तराची वाट बघतात, आणि मी जे सांगतो तेच ऐकू आलं असं धरून चालतात.

बेचाळीसपैकी एकोणतीस मी बदलून पोचवले. याला खोटं म्हणायचं का? आज प्रथमच विचार केला.

संध्याकाळी भिंगरीला म्हटलं, "आईला सांग, मी बाईंना भेटून आलो, त्या बऱ्या वाटल्या." ही, म्हणजे माझी बायको, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, पाळ्या बदलत असतात, त्यामुळे आमची गाठ कमी पडते. भिंगरी आत जाऊन आली.

"आई म्हणाली, छान झालं."

"छान झालं असं म्हणाली?"

भिंगरी जाता जाता म्हणाली, "तसंच काहीतरी."

७ मार्च, शुक्रवार

तीन दिवसांचे आकडे मांडले आणि माझ्या लक्षात आलं, ओढतंय कोण ते. दुकानातलं हे सगळं जिन्यातून वर आमच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. पोरगी दोन वर्षांची असल्यापासून हेच ऐकतेय. तिच्या पोटात गोळा येणार नाही तर काय होईल?

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी दारात उभा राहिलो, एक पाय पुढच्या खोलीत, एक मागच्या. म्हटलं, "दोघांनाही एकदमच सांगतो. आजपासून मी कोणाचा निरोप कोणाला देणार नाही. चष्म्याच्या नंबराची चिठ्ठीही उतरवून देणार नाही. जे सांगायचं ते ज्याला सांगायचं त्याला सांगा. मी बाकी सगळं काम करीन, हे करणार नाही."

बाबांनी काच खाली ठेवली. "त्याला सांग, याचं डोकं फिरलंय."

दादा म्हणाला, "त्यांना सांग, मला ते आधीपासून माहीत आहे."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, मिशीत पांढरे केस, आणि बापाला 'नाही' म्हणताना शाळेत पाढे चुकल्यासारखी छाती धडधडत होती. पण म्हणालो.

रात्री जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "घरभेदी." मी म्हटलं, "आणखी भाजी वाढू?"

१० मार्च, सोमवार

दुकानात निरोप बंद. दादा आता गिऱ्हाइकांच्या आडून बोलतो. एका आजींना म्हणाला, "आजी, तुमचा चष्मा आज मिळेल की नाही, हे आतल्या देवालाच ठाऊक." आजींनी हात जोडले. बाबा भिंतीशी बोलतात. "भिंतीबाई, काही लोक नंबर तपासतात की नुसते डोळे मारतात, कोण जाणे."

चिठ्ठ्या आता दादा खिडकीतून आत टाकतो. पूर्वी दादाची चिठ्ठी माझ्याकडे यायची आणि मी ती माझ्या अक्षरात उतरवून बाबांना द्यायचो, कारण बाबा दादाचं अक्षर वाचायला तयार नव्हते. आता वाचतात. पर्यायच ठेवला नाही मी.

एक प्रश्न टाळत होतो, तो लिहून टाकतो. हे मी भिंगरीसाठी करतोय, की मीच कंटाळलो होतो म्हणून? दोन्ही. आणि दुसरं कारण पहिल्याच्या पाठीमागे लपतंय, हेही खरं. तरीसुद्धा मागे हटणार नाही.

भिंगरीचं पोट दुखतंच आहे. शाळेत गेली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

जिन्यात वहिनी भेटल्या. "काय भावजी, संप मिटला की नाही? आमच्याकडे तर हे भिंतीवर डोकं आपटून घेतात. म्हणे, बारक्या माजलाय."

"बारक्या चव्वेचाळीसचा झालाय, वहिनी. आता नाही माजणार तर कधी?"

त्या हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिटवू नका हो."

संध्याकाळी भिंगरी सांगत आली, "आई विचारतेय, संप किती दिवस चालणार?"

"तिला सांग, बेमुदत."

ती परत आली. "आई विचारतेय, मग पुढे काय?"

"पुढे काय म्हणजे? तिला सांग, पुढचं पुढे."

भिंगरीने पोट दाबून धरलं होतं. तिला म्हटलं, जा, पड जरा. दुकानातलं वातावरण निवळलं की तिचं पोटही थांबेल. धीर धरायला हवा.

१७ मार्च, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, स्वतःला न वाचवता.

सकाळी एक बसचालक आले. परवा, शनिवारी त्यांनी चष्मा नेला होता. चष्मा हातात, डोळ्यांवर नाही. दादाला म्हणाले, "साहेब, हा घालून मी काल जिना उतरलो तर शेवटची पायरी दोनदा उतरलो. बस काढली नाही, बायकोने घरी बसवलं. हा चष्मा आहे की भांग?"

मी चष्मा घेऊन नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवला. डाव्या डोळ्याची काच उजव्यात आणि उजव्याची डाव्यात. काम मात्र चोख, कडा गुळगुळीत, एकही ओरखडा नाही.

काय झालंय ते मला तिथल्या तिथे कळलं. दादा तपासताना आधी डावा डोळा घेतो, म्हणून चिठ्ठीवर वर डावा लिहितो आणि खाली उजवा. डावा-उजवा असं शब्दांत कधीच लिहीत नाही. बाबांच्या हिशेबी वरचा आकडा उजव्याचा, त्यांना त्यांच्या वडिलांनी तसंच शिकवलं. अकरा वर्षं मी चिठ्ठी उतरवताना आकडे उलटे करत होतो. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप करायचा. मी थांबलो आणि उलट करणारं कोणी उरलं नाही.

दहा दिवसांत चौदा चष्मे गेलेत. त्यातल्या नऊ जणांच्या दोन डोळ्यांचे नंबर वेगवेगळे.

मी पुन्हा त्याच दारात उभा राहिलो आणि दोघांना एकदम सांगितलं. दादा उठून उभा राहिला.

"तुला माहीत होतं?"

"हाताला माहीत होतं. मला आत्ता कळलं."

"आणि लोकांच्या डोळ्यांशी खेळ झाला त्याचं काय? त्यांनी बस काढली असती म्हणजे?"

मी म्हटलं, "ती चूक माझ्या पदरात घाल. पण अकरा वर्षांत तुमच्यापैकी एकाने तरी दुसऱ्याला विचारलं का, की वरचा आकडा कुठल्या डोळ्याचा?"

मागून बाबांचा आवाज आला. "आधी डावा? कुठल्या गाढवाने शिकवलं तुला आधी डावा?"

आणि दादा, खिडकीत वाकून, सरळ त्यांच्या तोंडावर: "शिकवायला तुम्ही बोलत कुठे होता?"

बसचालक खुर्चीत बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. मी त्यांना पाणी दिलं. अकरा वर्षांनी बाप-लेक बोलत होते आणि ते बघायला घरचा मी एकटा होतो.

२० मार्च, गुरुवार

नऊही चष्मे परत आले. दादाने फोन केले, बाबांनी काचा पुन्हा घासल्या. दोघं बोलतात. तुटक आणि तिरकं, पण समोरासमोर. बाबांनी खिडकीच्या चौकटीवर खडूने लिहिलंय: वर उजवा. दादाने त्याखाली लिहिलंय: कळलं.

आता दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे, ते म्हणजे मी. इतक्या दिवसांचे निरोप त्यांनी ताडून पाहिले. बाबांच्या शिव्या मी गिळल्या होत्या आणि दादाचे टोमणे मी 'बघतो म्हणाला' करून पोचवले होते. त्याबद्दल आभार मानतील असं वाटलं होतं. दादा म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्याला इतका राग होता हे मला तू कळूच दिलं नाहीस. कळलं असतं तर मी दुसऱ्याच वर्षी पाय धरले असते."

बाबा म्हणाले, "आणि मला वाटायचं, याला कशाचं काहीच वाटत नाही. नुसतं बघतो, बघतो."

"दोघांना झुलवत ठेवलंस," दादा म्हणाला.

मृदंगाला दोन्हीकडून मार, तसं झालं. दहा फुटांवर तुम्हाला सगळं ऐकू येत होतं, असं मी म्हणू शकलो असतो. फक्त इतकंच म्हटलं, "ठीक आहे, मी वाईट. पण खिडकीशी परत बसणार नाही."

टेबल उचललं आणि रस्त्याकडच्या भिंतीला लावलं. एकट्याने. जड होतं.

२३ मार्च, रविवार

बाबा दुपारी जेवायला खाली दादाकडे गेले. वहिनी बोलवायला आल्या होत्या. जिन्यातून त्यांच्या हसण्याचा आवाज वर येत होता. बाबांचं हसणं मी विसरलोच होतो, खोकल्यासारखं सुरू होतं.

मला वाईट वाटलं. हेच व्हावं म्हणून तर सगळं केलं, मग वाईट कशाचं? प्रामाणिकपणे लिहायचं तर, दोघांनाही माझ्यावाचून अडत होतं तेव्हा मी कुणीतरी होतो. माझ्यावाचून काचेला नंबर मिळत नव्हता. आता गंमत अशी की काही अडत नाही. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितोय.

भिंगरीला म्हटलं, "आईला विचार, आजोबा आता खाली जेवणार असले तर संध्याकाळी काय करायचं." ती उठली नाही, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मग उठली आणि विचारून आली.

पोट दुखायचं थांबलेलं नाही. हे मला कळत नाही. कारण तर दूर केलं.

२६ मार्च, बुधवार

बाईंकडे वही घेऊन गेलो. परीक्षेआधी आता दोनच दिवस बुडवता येतील, हेही सांगितलं. माझा आवाज चढला असावा. "तुम्ही म्हणालात ओढणारा शोधा. शोधला. बंद केलं. दुकानात माझं तोंड बघायला कोणी तयार नाही. आणि पोरगी आहे तिथेच आहे!"

त्यांनी वही शांतपणे वाचली. दोनतीन ठिकाणी पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. मग कोरा कागद पुढे केला. "घरातली माणसं काढा. गोल पुरेत. जे एकमेकांशी थेट बोलतात त्यांच्यामध्ये रेघ."

मी काढलं. बाबा-दादा, नवी रेघ, ती जरा जोर देऊनच काढली. दादा-वहिनी, मी-वहिनी. मी-बाबा, मी-दादा, रागाच्या का होईना. मी-भिंगरी. भिंगरी-आई. कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी कागद सरळ केला. "झालं पूर्ण?"

"हो."

"तुमचं आणि मिसेसचं कसं आहे?"

"आमचं भांडण वगैरे काही नाही," मी म्हटलं. "दोन वर्षांत एकदाही आवाज चढलेला नाही."

"असं," त्या म्हणाल्या, आणि कागद घडी करून माझ्याच वहीत ठेवला. "घरी गेल्यावर पुन्हा बघा."

खरं सांगायचं तर रागच आला. फी भरून कोड्यात बोलणं ऐकायचं. कागद पाहिला. सगळे गोल नीट आलेत.

३० मार्च, रविवार

सकाळी ही स्वयंपाकघरात होती, भिंगरी टेबलापाशी, मी पेपर वाचत. मी म्हटलं, "भिंगरी, आईला सांग, मी दुपारी बाहेर जातोय."

भिंगरीने पेन खाली ठेवलं. "नाही सांगणार."

"काय?"

"माझाही संप. ती तिथे उभी आहे. तूच सांग."

"उलट बोलतेस?"

"उलट नाही, सरळ बोलतेय. तू आजोबांना म्हणालास ना, ज्याला सांगायचं त्याला सांगा? मग सांग की. मी काय खिडकी आहे?" मला ते ओळखीचं वाटलं, ७ तारखेला मीही दारात उभा राहून असंच बोललो होतो. "आणि मी पण बदलून सांगते, माहितीये? आई 'छान झालं' म्हणाली नव्हती. आई म्हणाली, मला कशाला सांगतोय, मी कोण? मी रोज विचार करते, काय सांगायचं आणि काय नाही. सकाळी उठल्यापासून."

ती उठली, खोलीत गेली आणि दार आपटलं.

पहिल्यांदा मला भयंकर राग आला, तो लिहिलाच पाहिजे. बापाशी हे असं बोलायचं? मग वहीतला तो कागद काढला. माझा गोल आणि हिचा गोल यांच्यामध्ये नुसती भिंगरी. मी तिथे जागाही ठेवली नव्हती रेघेला.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. सुरुवात कशी करायची हेच सुचेना. काय म्हणून हाक मारतो मी हिला? आठवेना.

"दुपारी बाहेर जातोय," मी म्हटलं.

"ऐकलं." तिने गॅस बंद केला पण वळली नाही. "दोन वर्षांपूर्वी मी तुला एक विचारलं होतं. आपण तिघं वेगळी जागा बघू या का. आठवतंय उत्तर काय दिलंस?"

आठवत होतं.

"मला नाही दिलंस. भिंगरीला दिलंस. अकरा वर्षांची होती. आत येऊन म्हणाली, 'आई, बाबा म्हणतोय आत्ता नको, पण तू रडू नकोस.' तेवढं दुसरं वाक्य तिचं स्वतःचं होतं."

"मी गेलो असतो तर खाली दोघांचं कसं झालं असतं?"

"झालं की, तेरा दिवसांत. तुला काढल्यावर झालं."

"हे लागेल असं बोललीस."

"लागावं म्हणूनच बोलले. दोन वर्षं साठलंय. हे बोलायला मी पोरगी वापरली नाही. निदान हे तरी नाही."

"बाकी वापरलीस ना? 'मला कशाला सांगतोय, मी कोण' हे तिच्याजवळच म्हणालीस!"

ती वळली. तिचा चेहरा मी किती दिवसांनी सरळ समोरून बघत होतो कोण जाणे. "हो," ती म्हणाली. "म्हणाले. माझंही चुकलं. पण तू आधी बोल. तुझं काय ते तू बोल, दुकानाचं नको, बाबांचं नको, तुझं."

मी बोललो. जागेचं बोललो, भीतीचं बोललो, खिडकीशी बसायला मला आवडायचं तेही बोललो. तिने मध्येच तोडलं, मी तिला तोडलं. आवाज चढला, तिचा माझ्याहून जास्त. ती म्हणाली भ्याड, मी म्हणालो कुढी. दोघांनाही दुसऱ्याला काय म्हणायचंय हे त्याच्याच तोंडून ऐकण्याची सवय राहिली नव्हती, प्रत्येक वाक्य दगडासारखं येऊन पडत होतं. तरी कोणी दाराकडे गेलं नाही.

तासाभराने खोलीचं दार उघडलं. आमची दोघांचीही नजर आधी भिंगरीच्या पोटाकडे गेली. हात तिथे नव्हता, हातात भूगोलाचं पुस्तक होतं.

"जरा हळू भांडा ना," भिंगरी म्हणाली. "मला उद्याचा धडा वाचायचाय."

तिने दार लावून घेतलं. मग आम्ही हळू भांडलो.